काचेपलीकडचे डोळे

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय घरी बाळगणे ही खर्चाची आणि त्याहून अधिक चिकाटीची हौस आहे. गोड्या पाण्यातला मासा धन्याच्या चार चुका पोटात घालतो. समुद्रातला मासा एकही घालीत नाही. म्हणून अशी हौस करणारा मनुष्य पाण्याचा खारटपणा मोजतो, उष्णतामान पाहतो, आणि काचेच्या पेटीला समुद्राचे रूप यावे म्हणून पोवळ्याच्या खडकांचे तुकडे आणून तिच्यात मांडतो. हे तुकडे नुसते दगड नव्हेत. त्यांच्या भोकाभोकांतून शेवाळ, स्पंज, कृमी, इवले शिंपले अशी केवढी तरी वस्ती दडलेली असते, आणि खडकाबरोबर तीही घरात येते.

कधी कधी तिच्याबरोबर एक न बोलावलेला पाहुणाही येतो. प्रथम त्याची कोणाला वार्ताही नसते. मग एके सकाळी मोजणीत एक मासा कमी भरतो. दोन दिवसांनी वाळूवर शंखाच्या कपच्या पडलेल्या आढळतात. आतली गोगलगाय नाहीशी झालेली असते. रात्री दिवे मालवल्यावर पेटीतून ‘टक्’ असा खणखणीत आवाज येतो. घरधन्याला वाटते, काच तडकली. तो उठून दिवा लावतो, चारही बाजूंनी काचेवर बोट फिरवून पाहतो. काच धड असते. तो अंथरुणावर पाठ टेकतो न टेकतो तोच पुन्हा ‘टक्’! असे पंधरा दिवस गेल्यावर एका रात्री विजेरीच्या उजेडात खडकाच्या एका बिळाच्या तोंडाशी त्याला दोन डोळे दिसतात. ते देठांवर बसविलेले असतात. एक डोळा वर पाहत असतो, दुसरा खाली. आणि मग दोन्ही डोळे सावकाश वळून घरधन्याकडे पाहू लागतात.

मत्स्यालयातले प्राणी सहसा मनुष्याकडे पाहत नाहीत. मासे काचेजवळ येतात ते अन्नाच्या आशेने. हा प्राणी मात्र न्याहाळतो. असे पाहणारे डोळे ज्याने एकदा पाहिले, त्याला ते सहसा विसरता येत नाहीत.

या प्राण्याचे इंग्रजी नाव मँटिस श्रिम्प. श्रिम्प म्हणजे कोळंबी, आणि मँटिस म्हणजे गवतात पुढचे दोन पाय जोडून प्रार्थनेला बसल्यासारखा दिसणारा तो हिरवा कीटक, ज्याला आपल्याकडे प्रार्थनाकीटक म्हणतात. त्या कीटकाप्रमाणे याही प्राण्याचे पुढचे पाय घडी घालून छातीशी धरलेले असतात. ती प्रार्थना नव्हे. तो पवित्रा होय. आपण त्याला मँटिस कोळंबी म्हणू. वास्तविक ती कोळंबीही नव्हे. कोळंबी, खेकडा, शेवंड यांच्या कवचधारी गोत्रातलीच, परंतु फार प्राचीन काळी वेगळी झालेली ही शाखा आहे. तिच्या साडेचारशेहून अधिक जाती आजवर ज्ञात झाल्या आहेत.

शस्त्रांवरून या जातींचे दोन वर्ग पडतात. एका वर्गाच्या पुढच्या पायांना काटेरी भाले असतात. या जाती वाळूत किंवा चिखलात बीळ करून राहतात आणि डोळे तेवढे बाहेर ठेवून जाणाऱ्या माशाची वाट पाहतात. दुसऱ्या वर्गाच्या पायांना भाल्याऐवजी गदा असते. त्या खडकांच्या कपारींत राहतात आणि शंख, शिंपले, खेकडे फोडून खातात. कोकणच्या किनाऱ्याबाहेर मचव्यांच्या जाळ्यांत कोळंबीबरोबर जी मँटिस कोळंबी येते, ती भालेवाली. तिला कोणी फारसे विचारीत नाही. जपानात मात्र तिची एक बहीण लोक आवडीने खातात. पोवळ्याच्या खडकाबरोबर मत्स्यालयात शिरते ती बहुधा गदाधारी, मातकट किंवा हिरवट रंगाची, बोटाएवढी जात असते. गदाधाऱ्यांत देखणी म्हणजे मोर मँटिस कोळंबी. हिंदी आणि प्रशांत महासागरांतील उबदार पाण्यात ती सापडते. हिरवे अंग, शेंदरी पाय, निळसर शेपूट आणि मानेपाशी बिबट्याच्या कातड्यासारखे ठिपके, असा तिचा थाट असतो. मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांत तिला मुद्दाम आणून ठेवतात, आणि तेही एकटीला. शेजारी ठेवला की शेजारी उरत नाही.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रेट यारमथ येथील मत्स्यालयात अशीच एक मोर मँटिस कोळंबी होती. तिची लांबी सुमारे दहा सेंटिमीटर, म्हणजे मनुष्याच्या तळहाताएवढी. एका प्रसिद्ध मुष्टियोद्ध्यावरून तिचे नाव टायसन ठेवले होते. १९९८ सालच्या एप्रिल महिन्यात तिने आपल्या पेटीची पाव इंच जाडीची काच ठोसा मारून फोडली. ज्यांनी नाव ठेवले होते त्यांनी ते विनोदाने ठेवले असावे. परंतु त्यानंतर ते कोणाला विनोदाचे वाटले असेल असे दिसत नाही.

एवढ्याशा जिवात एवढी शक्ती येते कोठून? हा ठोसा डोळ्यांना दिसतच नाही. गदा छातीशी असते, आणि पुढच्याच क्षणी शंख फुटलेला असतो. मधले काही कोणाला दिसलेले नसते. अमेरिकेत शीला पटेक आणि रॉय कॉल्डवेल या शास्त्रज्ञांनी सेकंदाला हजारो चित्रे घेणारा कॅमेरा लावून हा ठोसा टिपला आणि २००४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्याचा विरोध असूनही गदेचा वेग सेकंदाला १४ ते २३ मीटरपर्यंत जातो असे आढळले. म्हणजे वरची मर्यादा ताशी ८० किलोमीटरच्या पुढे. संपूर्ण ठोसा सेकंदाच्या एक हजार भागांपैकी सुमारे तीन भागांत आटोपतो. आपले पापणी लवणेदेखील याच्यापुढे संथ ठरते.

कोणताही स्नायू स्वतः इतक्या वेगाने आखडू शकत नाही. मँटिस कोळंबी तिरंदाजाची युक्ती वापरते. धनुष्याची दोरी हात सावकाश ओढतो. बाण मात्र हाताच्या वेगाने जात नाही, वाकलेल्या धनुष्याच्या वेगाने जातो. तिच्या पायाच्या कवचात घोड्याच्या खोगिरासारखा बाकदार एक भाग आहे. स्नायू आखडत जातो तसा तो भाग दबतो, आणि एक खीळ सगळी रचना रोखून धरते. खीळ सुटली की साठवलेले सारे बळ एकदम गदेत उतरते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. सुटलेला बाण जसा परत बोलावता येत नाही, तसाच सुटलेला ठोसाही मध्ये थांबविता येत नाही. पाहायचे, ठरवायचे ते सगळे खीळ सुटण्यापूर्वी.

याहून नवलाची गोष्ट पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाली. गदा इतक्या वेगाने आदळते आणि मागे उसळते की तिच्या व शंखाच्या मधल्या पाण्याचा दाब क्षणभर अतिशय घटतो, आणि पाणी न तापताच त्याची वाफ होऊन बुडबुडे उठतात. ते लगेच मिटतात, आणि मिटताना शंखावर दुसरा आघात करतात. एका ठोशात दोन मार! सर्वांत जबर ठोशाचे बळ सुमारे दीडशे किलो वजनाच्या भाराइतके मोजले गेले. घरधन्याने रात्री ऐकलेला ‘टक्’ आवाज तो हा.

स्वतःची गदा फुटत कशी नाही, हाही प्रश्न मनात येतोच. २०१२ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी गदा कापून तिच्या आतल्या रचनेचे वर्णन केले. बाहेरचा थर आपल्या दातांवरील कवचासारख्या कठीण खनिजाचा. त्याच्या आत बारीक तंतूंचे थरांवर थर, आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा वळवून बसविलेला, जणू गोल जिन्याच्या पायऱ्या. एखादी भेग आत शिरलीच, तर तिला या जिन्यातून वळत वळत जावे लागते, आणि त्यात तिचे बळ सरते.

मँटिस कोळंबी आडदांड आहे, पण आंधळेपणाने मारणारी नाही. शंख मिळाला की ती तो बिळाशी आणते, स्पर्शिकांनी चाचपते, लहान पायांनी उलटसुलट फिरवते, हवा तसा बसवते, आणि मग मारते. शंखाच्या आकाराप्रमाणे ती माऱ्याची जागा बदलते असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. एका ठोशात काम भागले नाही तर ती पुन्हा मारते, पुन्हा चाचपते, पुन्हा मारते. कठीण शंखासाठी शेकडो ठोसे पडतात. नारळ फोडणाऱ्या माणसानेही त्याची शीर शोधूनच कोयता उगारावा, तसे हे आहे.

आता त्या डोळ्यांकडे वळू.

कीटकांप्रमाणे मँटिस कोळंबीचाही डोळा हजारो बारीक नेत्रिकांचा बनलेला असतो. काही जातींत त्यांची संख्या दहा हजारांपर्यंत जाते. परंतु या डोळ्याच्या मधोमध एक आडवा पट्टा असतो, आणि त्यामुळे डोळ्याचे वरचा, खालचा व मधला असे तीन भाग पडतात. हे तिन्ही भाग एकाच ठिकाणी रोखता येतात. वस्तू किती दूर आहे हे ठरवायला मनुष्याला दोन डोळे लागतात. मँटिस कोळंबीला एक पुरतो. दुसरा डोळा त्या वेळी दुसरीकडेच पाहत असतो, कारण दोन्ही डोळे आपापल्या देठावर स्वतंत्रपणे फिरतात. वर-खाली, आजूबाजूला, एवढेच नव्हे तर किल्लीसारखे स्वतःभोवतीही.

पट्ट्यात नेत्रिकांच्या सहा ओळी असतात. त्यांतील वरच्या चार ओळी रंगांसाठी आहेत. मनुष्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. त्या तिघींच्या जोरावर आपण इंद्रधनुष्य पाहतो, आंबा पिकला की कच्चा हे सांगतो आणि चित्रे रंगवितो. मँटिस कोळंबीच्या पट्ट्यात अशा पेशी बारा प्रकारच्या आहेत, आणि त्यांतील काहींना आपल्याला मुळीच न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाशही दिसतो. (चिखलात राहणाऱ्या काही घराण्यांत हा पट्टा दोनच ओळींचा उरला आहे, आणि रंग गेले आहेत. आपल्या कोकणातली भालेवाली त्याच घराण्यातली. गढूळ पाण्यात रंगांचे काय काम?)

तिघींत इतके, तर बारांत किती! हा विचार ज्याच्या त्याच्या मनात आला. मनुष्याला ज्यांची कल्पनाही करता येणार नाही असे रंग या प्राण्याला दिसत असतील, पोवळ्यांची बाग त्याला स्वर्गासारखी भासत असेल, असे लोक हौसेने बोलू-लिहू लागले. ही कल्पना इतकी मोहक होती की ती तपासून पाहावी असे थोड्यांनाच वाटले असेल. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे क्वीन्सलंड विद्यापीठात हॅने थोएन, जस्टिन मार्शल आणि त्यांचे सहकारी यांनी ती तपासली.

पण प्राण्याला विचारायचे कसे? त्याला आपली भाषा येत नाही, आपल्याला त्याची येत नाही. संशोधकांनी हातांची भाषा निवडली. पाण्यातल्या लहानशा जातीच्या मँटिस कोळंब्यांना एका ठरावीक रंगाचा उजेड दाखवायचा आणि तिने तो निवडला की खाऊ द्यायचा, असे त्यांनी शिकविले. नंतर दोन बारीक तंतूंतून दोन वेगवेगळ्या रंगांचे ठिपके तिच्यापुढे धरले. जो शिकविलेला रंग, त्याच्याकडे ती झेपावे. हळूहळू दुसरा ठिपका पहिल्याच्या अधिकाधिक जवळच्या रंगाचा करीत नेला. ज्या टप्प्यावर तिची निवड चुकू लागली, तेथे तिच्या डोळ्यांची मर्यादा आली असे समजायचे.

ती मर्यादा फार लवकर आली. प्रकाशाच्या लहरी नॅनोमीटरमध्ये मोजतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. दोन रंगांच्या लहरींत एक ते चार नॅनोमीटरांचा फरक असला तरी मनुष्याला तो कळू शकतो. बारा प्रकारच्या पेशी बाळगणाऱ्या या प्राण्याला मात्र बारा ते पंचवीस नॅनोमीटरांचा फरक लागे. तिच्याहून आपणच रंगांचे अधिक चांगले पारखी ठरलो! हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले, आणि पोवळ्यांच्या स्वर्गाची ती गोड कल्पना सोडून द्यावी लागली.

मग बारांचा उपयोग काय? येथे शास्त्रज्ञांनी जो तर्क मांडला आहे, तो टपाल कचेरीच्या उदाहरणाने समजेल. आपला मेंदू तीन पेशींकडून आलेल्या बातम्या शेजारी शेजारी ठेवतो, त्यांची तुलना करतो, आणि त्या तुलनेतून पोपटी कोणता व हिरवा कोणता याचा निवाडा देतो. निवाडा सूक्ष्म होतो, परंतु त्याला पुष्कळ मोठा मेंदू लागतो. मँटिस कोळंबीपाशी असा मेंदू नाही. टपाल कचेरीत पत्रे निवडणारा माणूस पत्र फोडून वाचीत बसत नाही. पत्ता पाहतो आणि ज्या गावचे पत्र त्या गावच्या खणात टाकतो. तशीच ही रंग तोलीत बसत नसावी. समोर आलेल्या वस्तूवरून डोळ्याचा पट्टा फिरवायचा, बारा खणांपैकी कोणते भरले ते पाहायचे, की वस्तू ओळखली. पोपटी आणि हिरवा एकाच खणात पडले तरी तिचे अडत नाही.

असा तर्क खरा असेल तर त्या डोळ्यांची सावकाश होणारी ती हालचालही उमगते. पट्टा अरुंद आहे. त्यातून एका वेळी जगाची एक चिरी तेवढी दिसते. म्हणून डोळा सारखा वर-खाली, आडवा-तिडवा फिरवावा लागतो, जसा आंधळा मनुष्य अनोळखी चेहऱ्यावरून हात फिरवतो. आणि ज्याच्या हातात परत न फिरणारा ठोसा आहे, त्याला सूक्ष्म निवाड्यापेक्षा झटपट ओळख अधिक मोलाची. बिळाच्या तोंडाशी सावली हलली. ती शिकार आहे, शत्रू आहे, की जातभाई आहे? विचार करायला सवड नसते. डोळे आणि गदा ही दोन वेगळी आश्चर्ये म्हणून सांगितली जातात. वस्तुतः ती एकाच धनुष्याची दोन टोके असावीत.

पट्ट्याच्या शेवटच्या दोन ओळींचे काम निराळे आहे. प्रकाशाच्या लहरी निरनिराळ्या दिशांनी कंप पावतात. काही वेळा त्यांची दिशा एकच राहते, तर काही वेळा ती मळसूत्रासारखी फिरत पुढे जाते. मनुष्याला यांपैकी काहीच कळत नाही. मँटिस कोळंबीला हा फिरता प्रकाश दिसतो असे २००८ साली सिद्ध झाले. काही जातींच्या अंगावर असा प्रकाश परतविणारे डाग असतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मँटिस कोळंब्यांना दोन कृत्रिम बिळे दिली होती. एकातून साधा प्रकाश येई, दुसऱ्यातून फिरता. त्या फिरत्या प्रकाशाचे बीळ टाळू लागल्या. ‘येथे कोणी राहत आहे’ ही पाटीच जणू त्यांनी वाचली. ज्या जगात शेजाऱ्यांपाशी गदा असतात, तेथे पाटी वाचता येणे हे थोर विद्येचेच लक्षण मानले पाहिजे.

घरधन्याची गोष्ट अर्धी राहिली. बिळातले डोळे दिसल्यावर त्याच्यापुढे मोठा पेच पडतो. पाहुण्याला ठेवावे तर मासे जातात. काढावे तर तो बिळातून निघत नाही. हात घालण्याची तर सोयच नाही, कारण या प्राण्याला ‘अंगठेफोड्या’ या अर्थाचे एक इंग्रजी टोपणनाव उगीच पडलेले नाही. अखेरीस सबंध खडकच उचलून दुसऱ्या पाण्यात ठेवावा लागतो. तेथून पुढचा मार्ग ज्याच्या त्याच्या मनावर आहे. काही जण रागाच्या भरात प्राण्याचा शेवट करतात. गमावलेल्या माशांची किंमत त्यांच्या डोळ्यांपुढे असते, आणि त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. परंतु पुष्कळांच्या हातून ते होत नाही. त्या डोळ्यांनी एकदा आपल्याकडे पाहिलेले असते. मग एक लहानशी वेगळी पेटी येते, काचेऐवजी जाड ॲक्रिलिकची. तिच्यात वाळू, खडक आणि एक पोकळ नळी ठेवली जाते. आणि चोर म्हणून धरलेला प्राणी बिऱ्हाडकरू होऊन राहतो.

तो बिऱ्हाडकरू स्वस्थ बसत नाही. आज ठेवलेला खडा उद्या जागेवर सापडत नाही. बिळाचे तोंड त्याला अरुंद वाटते, मग रुंद वाटते. आणि काही महिन्यांनी एक दिवस तो तोंड बुजवून घेतो आणि दिसेनासाच होतो. खाऊ टाकला तरी बाहेर येत नाही. घरधन्याला चैन पडत नाही. त्या वेळी आत कात टाकण्याचे काम चाललेले असते. जुने कवच गदेसकट उतरते, आणि नवे कवच कठीण होईपर्यंत ही गदाधारी वीरांगना लोण्याच्या गोळ्याइतकी निराधार असते. समुद्रात नेमक्या याच वेळी कोणी बीळ बळकवायला आले तर? कॉल्डवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले आहे की मऊ अंगाची मँटिस कोळंबीसुद्धा कित्येकदा दाराशी येते, दोन्ही गदा पसरून दाखवते आणि आव आणते. मारण्याचे सामर्थ्य त्या वेळी तिच्यात नसते. मारले तर तिचीच गदा मोडेल. तरी समोरचा पुष्कळदा बिचकून माघारी फिरतो. शंख फोडणारे ठोसे सारेच सांगतात. परंतु या रिकाम्या हातांच्या धमकीला लागणारे धैर्य त्यांहून कमी नसावे.

पेटीत बीळ बळकवणारा कोणी नसतो. दिवस जातात. एके सकाळी वाळूवर एक रिकामे, पारदर्शक कवच पडलेले दिसते; डोळ्यांच्या देठांसकट, गदांसकट, जणू प्राणीच निजला आहे. घरधनी दचकतो. मग बिळाच्या तोंडाशी दोन डोळे वर येतात, पूर्वीपेक्षा किंचित मोठे. एक वर पाहतो, एक खाली. तो एक शंख आत सोडतो आणि दिवा मालवून निजायला जातो. मध्यरात्री केव्हा तरी शेजारच्या खोलीतून आवाज येतो, ‘टक्’. आणि कूस बदलून तो पुन्हा झोपी जातो.